फौज कोणाची, हुकूम कोणाचा?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, एक निराळी पलटण आहे. तिचे जवान वर्दी घालतात, कवायत करतात. पण त्यांचे मुख्य काम झाडे लावण्याचे व ती जगवण्याचे. तिचे नाव १३६ वी पर्यावरण पलटण, महार रेजिमेंट. ती २०१७ साली उभी राहिली. तिच्यात पुष्कळ माजी सैनिक आहेत. मराठवाड्यातल्या उघड्या टेकड्या हिरव्या व्हाव्यात म्हणून ती काम करते.

ही पलटण प्रादेशिक सेनेची आहे. प्रादेशिक सेना म्हणजे काय? जो माणूस एरवी आपला धंदा, नोकरी किंवा शेती करतो, आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवतो, त्याची सेना. पुण्याला व कोल्हापूरलाही मराठा रेजिमेंटच्या अशा पलटणी आहेत. अशा पलटणीतल्या जवानाला दरवर्षी काही आठवडे शिक्षण घ्यावे लागते. बाकीचे दिवस तो घरचा.

आता समजा, गावातला एक तरुण या सेनेत जायला निघाला. त्याची आई विचारते, "बाबा, तुला सातासमुद्रापार लढायला तर नाही ना धाडणार? आणि धाडलंच, तर आपलं सरकार ते थांबवील का?" आईचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो?

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ सालचा आहे. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. या कायद्याच्या ७ व्या कलमात एक कुंपण घातले आहे. या सेनेतल्या कोणालाही भारताच्या हद्दीबाहेर लष्करी चाकरी करायला लावता येत नाही. पण कुंपणाला एक फाटक आहे. केंद्र सरकारने तसा हुकूम काढला, तर जावे लागते.

पक्क्या सेनेचे तसे नाही. तिथला जवान भरती होतानाच शपथ घेतो, की जमिनीवरून, समुद्रावरून किंवा आकाशातून, जिथे हुकूम होईल तिथे जाईन. त्याला कुंपणच नाही. प्रादेशिक जवानाला कुंपण आहे, पण फाटकाची किल्ली दिल्लीला आहे.

मुंबईच्या सरकारकडे किल्ली का नाही?

कोणी म्हणेल, "झाडे लावण्याच्या कामाचा खर्च महाराष्ट्र सरकार देते. मग हुकूमही त्याचाच चालायला हवा. ज्याची भाकरी त्याची चाकरी!" इथे मात्र तसे चालत नाही. आपल्या राज्यघटनेत कामांच्या याद्या केल्या आहेत. देशाचे रक्षण, भूदल, नौदल, हवाई दल, युद्ध आणि तह ही सारी कामे केंद्राच्या यादीत आहेत. पोलीस राज्याच्या यादीत आहेत. म्हणून होमगार्ड आणि राज्य राखीव पोलीस यांना मुंबईचा हुकूम चालतो. पलटणीला चालत नाही. आपली विधानसभा चर्चा करील, विनंती करील. पण जवानाला अडवण्याचा कायदा तिला करता येत नाही.

पूर्वी असे नव्हते. मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता, तेव्हा संस्थानाला स्वतःची फौज होती. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. हैदराबादचे घोडदळ समुद्र ओलांडून इजिप्तकडे गेले. इंग्रजांना मदत हवी होती, निजामाने ती दिली. आपल्या आजे-पणज्यांना कोणी विचारले नाही. ते रयत होते, मतदार नव्हते.

त्याही आधी कंपनी सरकारच्या काळात समुद्र ओलांडण्यावरून मोठे वाद झाले. बंगालच्या फौजेतले पुष्कळ शिपाई म्हणत, आमचा करार जमिनीवरच्या चाकरीचा आहे. १८५२ साली ३८ व्या पलटणीने जहाजाने ब्रह्मदेशात जायला नकार दिला. मग १८५६ साली सरकारने नियम केला, की नव्या शिपायाने कुठेही जाण्याची अट मान्य केलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी उठाव झाला. त्याची कारणे अनेक होती. हा नियमही त्यांतले एक कारण होता. मुंबईच्या फौजेचे शिपाई मात्र आधीपासूनच कुठेही जाण्याच्या अटीवर भरती होत. ते १८३९ साली एडनला आणि १८५६ साली इराणात बुशेरला लढले.

फाटक खरोखर उघडले का?

होय. १९८७ साली भारताने श्रीलंकेशी करार केला आणि शांतिसेना तिथे पाठवली. शांततेसाठी गेलेल्या सेनेला लढावे लागले. प्रादेशिक सेनेच्या काही तुकड्यांनीही त्या मोहिमेत भाग घेतला. अकराशेंहून अधिक भारतीय जवान तिथे कामी आले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी तिच्या स्वागताला गेले नाहीत. श्रीलंकेतल्या तमिळांवर या सेनेने हत्यार चालवले, असा त्यांचा रोष होता. पण पाहा, राज्याचा मुख्यमंत्री फार तर स्वागताला गैरहजर राहू शकला. सेनेला जाण्यापासून तो रोखू शकला नसता. आणि ज्या जवानाने फक्त हुकूम पाळला, त्याला घरी परतताना अबोला पाहावा लागला. याचे दुःख कोणालाही वाटेल.

एकदा फाटक उघडलेच नाही, असेही झाले. २००३ साली अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि मग आपल्याकडे सैन्य मागितले. देशभर लोक बोलले. एप्रिलमध्ये संसदेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला. जुलैमध्ये केंद्र सरकारने सांगितले, संयुक्त राष्ट्रसंघाचा आदेश नसताना आम्ही सैन्य पाठवणार नाही. सैन्य पाठवण्याआधी संसदेची परवानगी घेतलीच पाहिजे, असा नियम आपल्याकडे नाही. पण लोकमत जागे असले, की सरकारला दहादा विचार करावा लागतो.

दुसऱ्या देशात कसे आहे?

अमेरिकेत प्रत्येक राज्याची राखीव फौज असते. तिला नॅशनल गार्ड म्हणतात. एरवी तिचा प्रमुख राज्याचा गव्हर्नर असतो, आणि त्याला लोक निवडून देतात. पूर आला, वणवा लागला, की गार्ड धावते. पण केंद्राने बोलावले की तिला परदेशीही जावे लागते. काही गव्हर्नर अडवू लागले, तेव्हा १९८६ साली तिथल्या संसदेने कायदा केला, की परदेश आवडत नाही म्हणून गव्हर्नरला प्रशिक्षणाला नाही म्हणता येणार नाही. मिनेसोटाचे गव्हर्नर न्यायालयात गेले. १९९० साली ते हरले.

तरी वाद मिटला नाही. गार्डचे जवान इराकला आणि अफगाणिस्तानला गेले, तेव्हा लोक म्हणू लागले, संसदेने रीतसर युद्ध पुकारल्याशिवाय आमची पोरे परदेशी लढाईला पाठवू नका. असे विधेयक तिथल्या अनेक राज्यांत मांडले गेले. तिथल्या संसदेने शेवटचे रीतसर युद्ध पुकारले ते १९४२ साली! त्यानंतरच्या लढाया रीतसर युद्ध न पुकारताच झाल्या.

मग आपण काय करावे?

पहिले, सही करण्याआधी वाचावे. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. चाकरी किती वर्षांची, वर्षातून किती दिवस, हद्दीबाहेर जावे लागेल का, हे विचारून घ्यावे. विचारण्यात भित्रेपणा नाही. समजून घेतलेली शपथ माणूस जास्त निष्ठेने पाळतो.

दुसरे, हक्क माहीत असावा. प्रादेशिक जवान चाकरीवर गेला आणि परतला, तर त्याच्या मालकाने त्याला पुन्हा कामावर घ्यावे, असे कायदा सांगतो.

तिसरे, बोलायचे कुठे ते कळावे. सेनेचा प्रश्न आमदाराला विचारून तो फार तर पत्र लिहील. खासदाराला विचारावा. तो लोकसभेत संरक्षणमंत्र्याला जाब विचारू शकतो. तिथेच सेनेचा खर्चही मंजूर होतो.

त्या आईला आम्ही सांगू: माई, मुलाला धाडणारा हुकूम दिल्लीचा. पण दिल्लीला कोण बसवतो? तुमचे मत. फाटकाची किल्ली दूर आहे खरी, पण ती कोणाच्या हाती द्यायची हे ठरवण्यात तुमचाही वाटा आहे.

विचार करा आणि सांगा

१. प्रादेशिक सेना आणि पक्की सेना यांत फरक काय?
२. महाराष्ट्र सरकार पलटणीला का अडवू शकत नाही?
३. परदेशी सैन्य पाठवण्याआधी संसदेला विचारावे, असा नियम असावा का? घरच्यांशी बोला.