कॅम्पबेल बेला निघालेल्या भाच्यास

अंबड, जि. जालना

चि. बाळ यास,


आक्काचा फोन आला होता. मोसंबीचा तुकडा विकायला काढलास, गिऱ्हाईक बांधावर येऊन गेलं, आता इसार घ्यायचा तेवढा राहिला, असं ती सांगत होती. ते पैसे आणि ग्रॅच्युइटी घेऊन तू सूनबाई आणि दोन्ही लेकरांसह ग्रेट निकोबारला कायमचं राहायला जाणार आहेस. तिथं मोठं बंदर होतंय, शहर वसतंय आणि माजी सैनिकाला जमीन आधी मिळते, असं तुझ्या कानावर कुणा प्लॉटवाल्यानं घातलंय. फोनवर अशा गोष्टी धड बोलून होत नाहीत, म्हणून लिहितो. पत्र सूनबाईलाही वाचायला दे. निम्मं तिच्यासाठीच आहे.

तुझ्या मनात हे का आलं ते मला कळतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी माणूस पेन्शनीत निघतो. अंगात रग असते, हाताला शिस्त असते आणि गावात आलं की दोनच वाटा दिसतात, एटीएमसमोरची सिक्युरिटीची खुर्ची नाही तर भावकीच्या बांधावरची भांडणं. त्यात आपली जमीन. 2012 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कशा गेल्या ते तू सुट्टीवर आला होतास तेव्हा पाहिलंस. टँकरनं पाणी घालून जगवलेली झाडंही लोकांनी शेवटी कुऱ्हाडीनं तोडली. अशा माणसाला बारमाही पावसाचं हिरवं बेट दिसलं तर त्याचं मन तिकडं ओढ घेणारच.

पण तुझ्याआधी तिथं फौजीच गेले होते, हे तुला सांगणाऱ्यानं सांगितलं का? 1969 पासून 1980 पर्यंत सरकारनं ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे 330 माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. पंजाबातली, केरळातली, तमिळनाडूतली आणि आपल्या महाराष्ट्रातलीही. हेतू उघड होता. बेटाचं दक्षिण टोक सुमात्रापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथं आपली माणसं असावीत असं दिल्लीला वाटलं. कुटुंबामागं दहा-अकरा एकर जमीन मिळाली. कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर ही गावं अशी उभी राहिली. जमीन द्यायची ती योजना तेव्हाच संपली. आज माजी सैनिक म्हणून तिथं जमीन मिळते असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्याकडं सरकारी आदेशाचा कागद माग, नंबर आणि तारखेसह. कागद नसेल तर पुढं एक शब्दही बोलू नकोस.

माझ्या पलटणीतला एक हवालदार तेव्हा गेला होता. 72 च्या दुष्काळानं त्याच्या घरचे बैल गेले होते, वाट्याला तीन एकर मुरमाड रान होतं. त्याची पत्रं मला बरीच वर्षं येत. दहा एकर हा शब्द ऐकून तो गेला आणि उतरला तेव्हा ती दहा एकर म्हणजे जंगल होतं. आभाळ दिसू नये अशी झाडी, जळवा, मलेरिया, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. आपल्या जिल्ह्याची सरासरी सातशेच्या घरात, तेवढ्यावरच आपली सगळी शेतीची अक्कल. आपल्याला झाडाला ताण कधी द्यायचा आणि बहार कधी धरायचा ते कळतं. तिथं ताण देणार कुठून? माती धरून ठेवणं हेच काम. ज्वारी, तूर विसरून नारळ-सुपारी शिकावी लागली आणि नारळ धरायला लागले तर माकडं कोवळी फळं पाडून टाकत. तरी त्यानं केलं. मला त्या माणसाचा फार आदर आहे. त्याच्याहून जास्त आदर त्याच्या बायकोचा. तिनं परतूरकडचं माहेर सोडलं ते सोडलंच. आईच्या मातीलाही तिला येता आलं नाही, कारण तेव्हा जहाज कधी येईल याचा नेम नसे.

वसाहत पुरुष करतात असं सगळे सांगतात. त्याच्या पत्रांतून मला उलटं दिसलं. तो मजुरी मिळाली की रस्त्याच्या कामावर जाई. सीमा सडकवाल्यांनी त्या काळात जंगलातून पूर्व-पश्चिम आणि किनाऱ्यानं दक्षिणेला रस्ते काढले, तिथं काम असे. घरी ती, लेकरं आणि अंधार. म्हणून म्हणतो, सूनबाईला विचार. ‘येशील ना?’ असं विचारू नकोस. त्याला ती ‘हो’च म्हणेल. तिला विचार की बाळंतपण, आजारपण, लेकरांची बारावी, हे कुठं करायचं. कॅम्पबेल बेला दवाखाना आहे, पण जोखमीचा रुग्ण आजही हेलिकॉप्टरनं नाही तर जहाजानं पोर्ट ब्लेअरला न्यावा लागतो. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात, पण नाव बदललं म्हणून अंतर कमी झालं नाही. पाचशे किलोमीटर समुद्र आहे. धाकट्याला दमा आहे हे मी विसरलेलो नाही.

आता सुनामीचं. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी भूकंप झाला आणि बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ, जो जमिनीवर होता, त्याचा पाया पाण्यात गेला. किनाऱ्यावरची घरं, बागा, पंचवीस-तीस वर्षांची मेहनत काही मिनिटांत गेली. वाचलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यात ठेवलं होतं. विषुववृत्ताजवळचं ऊन आणि पत्र्याची भिंत, म्हणजे आत बसवत नसे. आपल्या हवालदाराचं त्यानंतर एकच पत्र आलं. त्यात सातबाऱ्याची चौकशी होती. इथल्या तीन एकरावर त्याचं नाव अजून आहे का, एवढंच त्यानं विचारलं होतं. मी तलाठ्याकडं जाऊन आलो. नाव होतं. विकली नव्हती म्हणून होतं. पुढं त्याच्या मुलानं तिथंच रुजायचं ठरवलं ही गोष्ट वेगळी, पण त्या एका कागदानं त्या म्हाताऱ्याला काय धीर आला असेल ते तू समजू शकतोस.

आणि ज्यांनी ते सगळं सोसलं, त्यांचं आज काय चाललंय ते बघ. गलाथिया खाडीत बंदर, शिवाय विमानतळ, वीजप्रकल्प, नवं शहर, असा सुमारे 72 हजार कोटींचा प्रकल्प सरकारनं आखला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. विमानतळाची आखणी गांधीनगर-शास्त्रीनगर भागात आहे. म्हणजे सरकारनं फौजी म्हणून ज्यांना जमीन दिली, त्यांचीच जमीन आता संपादनात जाते आहे आणि त्यांची मुलं मोबदल्यासाठी अर्ज घेऊन फिरताहेत. ज्या घराण्यांनी देशाच्या शब्दावर जंगलात संसार मांडला त्यांच्यावर ही वेळ यावी, याचा मला राग येतो. अशा ठिकाणी तू नवा माणूस म्हणून जाऊन कोणत्या हक्कावर उभा राहणार आहेस?

याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती तुला मामा म्हणून सांगितलीच पाहिजे. ती जमीन 1969 मध्येही रिकामी नव्हती. तिथं शोम्पेन राहतात. 2011 च्या जनगणनेत ते 229 भरले. आपल्या एखाद्या वस्तीवर याहून जास्त माणसं असतात. किनाऱ्यानं निकोबारी लोकांची गावं होती. सुनामीनंतर त्यांना कॅम्पबेल बेजवळ हलवलं, ते अजून आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या म्हणून मागताहेत. त्यांच्या परिषदेनं प्रकल्पाला दिलेली संमती 2022 मध्येच परत घेतली. या लोकांच्या संरक्षणासाठी 1956 पासून कायदा आहे, तरी त्यांच्यावर ही पाळी आली. सैनिकाला अशी दुसऱ्याची जमीन देण्याची रीत फार जुनी. रोमन सम्राट निवृत्त शिपायांना जिंकलेल्या मुलखात वसवत. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, इंग्रजांनी केनियात गोऱ्या माजी सैनिकांना शेती दिली, त्यातली काही नांदी लोकांच्या राखीव जमिनीतून काढून. पूर्व आफ्रिकेत त्याच लढाईत आपले हिंदी शिपाईही होते, त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. तू सीमेवर उभा राहिलास तो कुणाचं घर कुणी बळकावू नये म्हणून. तुझं घर दुसऱ्याच्या अंगणात उभं राहणार असेल तर ते तुला शोभत नाही.

मी तुला गावात कोंडून ठेवत नाही. काम मिळालं तर जरूर जा. बंदराचं, रस्त्याचं, इंजिनिअरिंगचं काम निघालं, पगार आणि करार हातात असला, तर एकटा जा, वर्ष-दोन वर्षं कर, सुट्टीला ये. 2012 पासून तिथं नौदलाचं ‘बाझ’ हे ठाणं आहे. ओळखीतला कुणी तिथं असेल तर त्याच्याकडून खरी हवा घे. नोकरीला जाणं वेगळं आणि मुळं उपटून जाणं वेगळं.

मोसंबीचं म्हणशील तर बागेत डिंक्या रोग आला आहे, ते मी पाहिलंय. वाईट झाडं काढ, सगळी नको. ग्रॅच्युइटीतून प्लॉट घेण्यापेक्षा शेततळं खोद आणि त्याला प्लास्टिकचा चांगला कागद घाल. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीला जाऊन ये. 1996 पासून त्या गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, नंतर शेततळी केली, आणि आज तिथं द्राक्षं आहेत. पाऊस आपल्याएवढाच. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातही जा, माती तपासून घे. गाडीभाडं मी देतो.

तोवर तीन गोष्टी कर. गिऱ्हाइकाला सांग की पोळ्यापर्यंत निर्णय नाही. इसाराचा एक रुपयाही घेऊ नकोस, इसार घेतला की तोंड बांधलं जातं. प्लॉटवाल्यानं काही पैसे मागितले असतील किंवा डिस्चार्ज बुकाची, आधारची झेरॉक्स नेली असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन लेखी कळव. आणि पेन्शनची रक्कम सूनबाईच्या जोडखात्यात ठेव.

येत्या रविवारी मी येतो. सातबारा, आठ-अ आणि त्या माणसानं दिलेले सगळे कागद काढून ठेव. आक्काला म्हणावं, पिठलं-भाकरी पुरे, बाकी काही करत बसू नकोस.

तुझा,
मामा