डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न : वय ४६. राहते पेणला, शिकवते रोह्याच्या महाविद्यालयात. स्टाफरूममधल्या तपासणीत रक्तदाब १५६/९६ निघाला. डोकेदुखी नाही, चक्कर नाही. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. टाळता येईल का?
– एक प्राध्यापिका, पेण

उत्तर : मॅडम, एका मापाने घाबरू नका, पण त्रास नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा गुपचूपच हृदय, मेंदू, मूत्रपिंडांना इजा करतो.

आधी माप नीट घ्या. दोन तासिका संपवून, जिना चढून, चहा पिऊन घेतलेलं माप फसवं असतं. पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसा. हात छातीच्या पातळीवर ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही डॉक्टरांना दाखवा.

गोळीचं व्यसन लागत नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, तसंच हे. वजन आणि मीठ घटल्यावर काहींचा डोस कमी होतो, मात्र तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पेणकरांना पापड सोडा म्हणणं माझ्याही जिवावर येतं; पण पापड, लोणचं, सुकट रोज एकाच ताटात नको. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, त्यानेही रक्तदाब चढतो.

छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर आकडा बघत बसू नका. थेट १०८ लावा.