एवढी स्वस्त का?

टिळकवाडी, बेळगाव

चि. अजित यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाडीचे फोटो तुझ्या मामीनंही बघितले. "दोनच दारं? मग मागं बसायचं कुणी?" एवढंच म्हणाली. मला मात्र गाडी आवडली. ऑडी टीटी, 2016 चं मॉडेल, एमएच-09 पासिंग, आणि उभी आहे तुमच्या निपाणीत. 2015 साली हे मॉडेल भारतात आलं तेव्हा किंमत साठ लाखांच्या वर होती. 2023 च्या नोव्हेंबरात हंगेरीतल्या कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली आणि गाडीच बंद झाली. बंद झालेल्या मॉडेलसाठी शौकीन माणूस चार पैसे जास्तच मोजतो. तुला मात्र ती इतरांच्या निम्म्या भावात मिळते आहे. तेव्हा रंग, आवाज, वेग सगळं राहू दे. आधी ती स्वस्त का आहे ते शोध. कारण सापडलं आणि तुला परवडणारं असलं तर खुशाल घे. नाही सापडलं, तर विकणाऱ्याला ते माहीत आहे असंच धरून चाल.

एजंट म्हणतो, मालक परदेशी चाललाय. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे मालक परदेशी फार जातात, बघ.

माझा पहिला संशय पाण्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथं 43 आहे. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, ते तू डोळ्यांनी बघितलंस. त्या दोन पावसाळ्यांत कोल्हापूर-सांगलीकडं पार्किंगमध्ये किती गाड्या बुडाल्या असतील याचा विचार कर. अशा महागड्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या जवळ गेला की कंपनी टोटल लॉस धरते, गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती घेऊन धुऊन-पुसून चालू करतो. ही गाडी 2016 ची आणि कोल्हापूर पासिंगची, म्हणजे दोन्ही पूर तिच्या हयातीत येऊन गेलेत.

धुतलेल्या गाडीत पाणी कुठं सापडतं ते सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. दिसणारा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातकट रेघ राहून जाते. सीट पुढं-मागं सरकवून रुळांचे बोल्ट टॉर्चनं बघ. वरचं चामडं चकचकीत आणि खालचे बोल्ट गंजलेले, हे जुळत नाही. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाब. डिकीचं अस्तर काढून पत्र्याच्या खोबणीत बोट फिरव, नदीचा गाळ हाताला लगेच कळतो. मग काचा बंद कर आणि दहा मिनिटं हीटर लाव. अत्तराचा वास मागं पडून कुबट वास वर येतो का बघ. फ्यूज बॉक्समधल्या आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट कळंक असेल तर तिथंच थांब. वायरिंग आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात एकेक करून बंद पडेल, आणि या गाडीत एअरबॅगपासून गिअरपर्यंत सगळं वायरिंगच्याच भरवशावर आहे. भारतातली ही टीटी चारही चाकांवर चालणारी क्वाट्रो. मागच्या चाकांना ताकद देणारं हॅल्डेक्स युनिट आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्स गाडीच्या पोटाखाली असतं. म्हणजे बुडताना ते पहिलं. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय ते दिसायचं नाही.

चालू गाडी पाण्यात घातली असेल तर आणखी वाईट. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड काही महिने गुपचूप चालतो, मग ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. एकातच कमी आलं तर "किरकोळ आहे" हे उत्तर ऐकायचं नाही.

दुसरा संशय ठोकलेल्या गाडीचा. पुट्टी ओळखायला लोक चुंबक फिरवतात, पण इथं तो उपयोगाचा नाही. या टीटीचं बॉनेट, दारं, डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे. चुंबक कुठंच चिकटणार नाही. अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागवायचं आणि सगळ्या पॅनेलांचे आकडे एकमेकांशी ताडायचे. माझं आयुष्य उद्यमबागेत फाउंड्रीत गेलं, त्यामुळं हे ठामपणे सांगतो: अ‍ॅल्युमिनियमची दुरुस्ती हा लोखंडी पत्रा ठोकणाऱ्याचा उद्योग नव्हे. वेल्डिंग वेगळं, हत्यारं वेगळी. रस्त्यावरच्या डेंटिंगवाल्यानं हात लावला असेल तर सांध्यावर दिसतंच. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्यानं उडालाय का, सगळ्या काचांवर एकाच सुमाराचं साल आहे का, तेही बघ. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल; 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. रनिंग वीस हजार सांगतात आणि टायरचा दुसरा सेट झिजलेला, असं असलं तर मीटर मागं फिरवलंय.

इंजिन सकाळी थंड असतानाच चालू करायचं. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, आणि त्याला कारण असतं. सुरुवातीला साखळीचा खडखडाट, सायलेन्सरमधून निळा धूर, या दोन्ही खर्चाच्या गोष्टी. मग गावातल्या गर्दीत अगदी हळू चालव. ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स तिथंच हिसके देतो, हायवेवर लपून जातो. त्याचं तेल साधारण 60,000 किलोमीटरला बदलतात, ते बिल माग. नंतर तवंदी घाट चढव आणि उतरताना ब्रेक बघ. स्कॅनर शेवटी लाव. फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत का तेही त्यात कळतं.

आता कागद. हंगेरीत झालेल्या टीटीचा चेसिस नंबर टीआरयू या अक्षरांनी सुरू होतो, आणि सतरातलं दहावं अक्षर 2016 च्या मॉडेलला जी असतं. गाडीवरचा नंबर, आर.सी. आणि वाहन पोर्टल, तिन्ही जुळले पाहिजेत. कर्जाचा बोजा आहे का तेही पोर्टलवर दिसतं. विम्याच्या जुन्या पॉलिसी माग. नो क्लेम बोनस मधेच शून्यावर आला असेल तर त्या साली काय झालं ते विचार. साल 2019 किंवा 2021 निघालं तर विचारायचीही गरज नाही.

स्वस्ताईचं एक निरुपद्रवी कारणही असू शकतं: टॅक्स. एजंट तुला म्हणेल, एमएच पाटी राहू दे, महाराष्ट्रातलं कागल तर इथं आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून आपण 1956 पासून भांडतोय, पण आरटीओला ती रेघ अगदी स्वच्छ दिसते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवली की नवं रजिस्ट्रेशन लागतं. कर्नाटकात वीस लाखांवरच्या नव्या गाडीला 18 टक्के लाइफ टॅक्स आहे, वर सेस. जुनीला वयाप्रमाणे कमी, तरी तुझ्या गाडीचा आकडा लाखांतच जाईल. 2025 च्या जुलैत बेंगळुरात महाराष्ट्र पासिंगच्या एका फेरारीकडून सुमारे 1 कोटी 42 लाख वसूल केले. चिकोडी आरटीओत आधी हिशेब काढून घे आणि तो किमतीत धर. कोल्हापूरहून फॉर्म 28 ची एनओसी विकणाऱ्यानं आणून द्यायची. ट्रान्स्फरच्या 29-30 फॉर्मवर नुसत्या सह्या करून देतो म्हणाला तर नको. नावावर गाडी आहे तोवर अपघाताची जबाबदारी आर.सी.वरच्या मालकाची, हे सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय; त्यामुळं खरा मालक ट्रान्स्फरसाठी तुझ्याहून जास्त घाई करतो. इसार द्यायचाच झाला तर आर.सी.वरच्या माणसाच्या खात्यात, एजंटच्या हातात नाही.

शनिवारी सकाळी मी येतो, स्कॅनरवाल्यालाही घेऊन येतो. एजंटला दोनच गोष्टी विचार: गाडी रॅम्पवर चढवू देशील का, आणि आम्ही येईपर्यंत इंजिनला हात लावणार नाहीस ना. नाही म्हणाला तर शुक्रवारीच फोन कर, म्हणजे मी बस धरायला पहाटे उठत नाही.

तुझा,
मामा