घर वरखाली होतं, म्हणून गाणं सोडायचं का?

या महिन्याचा अभ्यास पाठ



बचत, परतफेड, बियाणं, शाळेची फी यावर आपण दर बैठकीत बोलतो. या वेळचा पाठ थोडा वेगळा आहे. आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी गातात. कोणी महिला भजन मंडळात टाळ धरते, कोणी खंजिरी वाजवते, कोणी भीमजयंतीला भीमगीतं म्हणते, कोणाला भुलाबाईची सगळी गाणी तोंडपाठ आहेत. पण घरात काही बिनसलं की बाईचं पहिलं काय सुटतं? चहा सुटत नाही, काम तर सुटतच नाही. गाणं सुटतं. आणि ते सुटलं हे कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

पाठाचा हेतू : अडचणीच्या काळातही बाईचं गाणं तुटू नये, यासाठी घरात आणि गटात काय ठरवता येईल ते पाहणं.
वेळ : एका बैठकीतला पाऊण तास.
साहित्य : मोठा कागद, दोन रंगांचे खडू.

१. आपल्या मातीत गाणं म्हणजे रिकामा उद्योग नाही

आपण गुरुकुंज मोझरीच्या परिसरात राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी यावलीला, एका गरीब घरात झाला. मूळ नाव माणिक. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू केला. त्यांच्या हातात काय होतं? एक खंजिरी. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि कडेला छोट्या झांजा. या एवढ्याशा वाद्यावर त्यांनी गावोगाव सफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण आणि स्वातंत्र्य या गोष्टी लोकांच्या मनात उतरवल्या. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना अटक करून तुरुंगात ठेवलं. त्यांच्या भजनांची सरकारला किती धास्ती होती, ते यावरून समजून घ्या. पुढे १९५५ मध्ये आलेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांमध्ये महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे.

आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करत. म्हणजे ज्या भागात भजन-कीर्तनाने गावं जागी केली, त्या भागात बाई भजनाला निघाली की "भजनानं पोट भरते का?" असं विचारणं शोभत नाही.

पण एक फरकही नीट पाहू या. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं. तुकडोजी महाराजही लहान वयातच घराबाहेर पडले. सगळा समाज त्यांनी आपलं घर मानला. आपल्याला घर सोडायचं नाही आणि गाणंही सोडायचं नाही. ही वाट वेगळी आहे, आणि ती आपल्याला आपणच काढावी लागेल.

आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांच्यापुरती वाट काढली होती. पहाटे जात्यावर दळताना त्या ओव्या म्हणत. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण हात कामात असायचे. सासर, माहेर, भाऊ, लेक, दुष्काळ, मरण सगळं त्या ओव्यांमध्ये यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे गावात चक्की आली. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण वाचलेला वेळ बाईच्या गाण्याला मिळाला का? तो दुसऱ्या कामात गेला. म्हणून आता गाण्याची वेळ ठरवून काढावी लागते.

२. गाणं कधी तुटतं?

बैठकांमध्ये तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी ऐकत असते. नावं न घेता तीन प्रसंग मांडते.

पहिला : पेटी छान वाजवणारी एक ताई. पीक गेलं, बँकेचा हप्ता थकला. तिने मंडळात जाणं बंद केलं. कोणी मना केलं नव्हतं. तिलाच वाटलं, "घरात पैसा नाई अन् हिले गाणं सुचते" असं लोक म्हणतील.

दुसरा : घरात सगळं छान चाललं होतं. मुलाचं लग्न झालं, सून आली, वर्षभरात नातू झाला. आनंदच आनंद. पण दोन वर्षं ताईने टाळ हातात धरला नाही. सून तर लग्नाआधी माहेरी स्पर्धेत गायची. तिचं गाणं उंबरठ्याच्या आत आलंच नाही. म्हणजे गाणं फक्त दुःखात तुटतं असं नाही, सुखाच्या गडबडीतही तुटतं.

तिसरा : एका ताईचे मालक अचानक गेले. मंडळातल्या बायांनी तिला बोलावलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "तिले बरं वाटन नाई" म्हणून थांबल्या. ती घरात बसून मंदिरातला आवाज ऐकत राहिली. तिला वाटलं, आपल्याला वगळलं.

या तिसऱ्या प्रसंगावर गटात जरूर बोला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कुंकू, बांगड्या यासोबत गाण्याच्या जागेचाही विचार करायला हवा. मालक गेलेल्या बाईला पहिल्या रांगेत बसवून टाळ हातात देणं, एवढं आपलं मंडळ आजही करू शकतं. त्याला कोणाच्या ठरावाची वाट पाहायची गरज नाही.

आणखी एक अडचण आपल्या भागातली खास आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. कोजागिरीनंतर पाच दिवसांनी, आश्विन वद्य पंचमीला, महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवसांत गुरुकुंजला गावोगावची भजनी मंडळं येतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय एकदम शांत उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. आणि नेमकं याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते, कापसाची वेचणी लागलेली असते. गाण्याचा हंगाम आणि कामाचा हंगाम एकच! म्हणून ऐनवेळी भांडण होण्यापेक्षा आधीच बोलून ठेवलेलं बरं.

३. मोबाइलवर ऐकलं तर चालत नाही का?

घरचे असं म्हणतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. मोबाइलवर हवं ते भजन ऐकू येतं. स्वयंपाक करता करता जरूर ऐका. पण समोर बसून गाण्यात एक गोष्ट वेगळी आहे. तिथे तुमची गरज असते. टाळ धरणारी आली नाही तर ठेका सुना वाटतो. दुसऱ्या दिवशी नळावर कोणीतरी विचारतं, "काल काऊन नाई आली वं?" मोबाइल हे विचारत नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचे वर्ग सुरू केले होते. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. काही महिन्यांनी सगळ्याच वर्गांतले लोक एकमेकांच्या जवळ आले, पण गाणाऱ्यांची जवळीक सगळ्यात लवकर झाली. आपल्या मंडळांना हे अनुभवाने माहीत आहे. ज्या गटाच्या बाया एकत्र गातात, त्यांच्यात बोलणंही लवकर मोकळं होतं.

म्हणून या पाठातलं मुख्य वाक्य लक्षात ठेवा : गाणं तुटलं की त्यासोबत माणसंही तुटतात, आणि अडचणीच्या काळात तीच माणसं हवी असतात. पैसा नाही, म्हणून भजन बंद केलं तर एक रुपयाही वाचत नाही. उलट आपली चौकशी करणाऱ्या दहा जणी कमी होतात.

४. बैठकीत करून पाहा : दिवसाचं घड्याळ

मोठ्या कागदावर दोन गोल काढा. एक बाईच्या दिवसाचा, एक घरातल्या पुरुषाच्या दिवसाचा. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत कोण कधी काय करतं ते भरा. काम एका रंगाने, स्वतःसाठीचा वेळ दुसऱ्या रंगाने. पाणी भरणं, जनावरांचं पाहणं, सासऱ्यांचं औषध, मुलांचा अभ्यास ही कामंसुद्धा लिहा. बऱ्याचदा ती लिहायची राहून जातात.

मग तीन गोष्टी शोधा :
• बाईच्या गोलात दुसरा रंग कुठे दिसतो का?
• कोणतं काम दुसरं कोणी करू शकतं?
• आठवड्यातून दोन तास कुठून निघतील?

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काड्या-दाणे मांडून करावं, तेवढंच चांगलं होतं. जमल्यास हा कागद घरी नेऊन दाखवा. रागाने नाही, कौतुकाने. "पाहा बरं, आपलं घर किती जण मिळून चालवतात" असं म्हणत दाखवा.

५. घरी बोलायचं कसं?

"मला कोणी जाऊच देत नाही" असं म्हटलं की भांडण होतं. "कोणत्या दिवशी, किती वेळ, मागे काय व्यवस्था" असं सांगितलं की बोलणं होतं. उदाहरणं पाहा.

सासूबाईंशी : "आत्याबाई, गुरुवारी सात ते नऊ भजन हाय. भाजी मी करून ठेवतो, भाकरी तुमी टाकसान का? शनवारी तुमाले कीर्तनाले जायचं असन तं लेकरं मी पाहीन."

मालकांशी : "सोंगणी सुरू हाय तवरक मी हप्त्यातून एकच दिवस जाईन. सोंगणी झाली का दोन दिवस."

यात देणं आहे आणि घेणंही आहे. सासूबाईंच्या गाण्याची वेळ आपण सांभाळली तर त्या आपली सांभाळतात. आणि तुम्ही स्वतः सासू असाल तर सुनेला विचारा, "तुले काय म्हनता येते?" ती आधी लाजेल. दुसऱ्यांदा विचारा.

मंडळानेही घराचा विचार करावा. ठरलेल्या वेळी सुरू करावं, ठरलेल्या वेळी संपवावं. नऊ म्हणून अकरा वाजले तर पुढच्या वेळी घरचे नाही म्हणणारच. रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावायला तशीही बंदी आहे. लांबच्या वस्तीतल्या ताईला दोघींनी घरापर्यंत सोडावं. अंगावरचं बाळ असेल तर बाळासकट बोलवावं.

६. पैशाचा हिशोब वेगळा ठेवा

• भजन मंडळाची वर्गणी गटाच्या बचतीत मिसळू नका. वेगळी वही ठेवा.
• पेटी, तबला घ्यायचा असेल तर एकीच्या नावावर कर्ज काढू नका. सगळ्यांची थोडी थोडी वर्गणी जमू द्या. तोपर्यंत टाळ आणि खंजिरीवर भजन होतं.
• बारसं, तेरवी, वास्तूचा कार्यक्रम यात मानधन मिळालं तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर मोजा आणि लिहा. पैशाच्या संशयाने चांगली मंडळं मोडतात.
• जिच्या घरी अडचण आहे तिची वर्गणी थकली तरी तिची जागा ठेवा. वर्गणी नंतर येते. गेलेली बाई परत येणं कठीण असतं.

७. जिथे गाणं पुरत नाही

गाण्याने मन हलकं होतं, पण गाणं हे सगळ्यावरचं औषध नाही. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा तातडीने ११२ वर फोन करा. कोणी ताई सतत गप्प असेल, झोपत-जेवत नसेल, "जगून काय करू" असं बोलत असेल, तर तिला एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि रात्रीही बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंना सोबत घेऊन जा. "भजनाला ये, बरं वाटेल" एवढं सांगून थांबू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमचं गाणं शेवटचं कधी आणि कशामुळे थांबलं होतं? परत सुरू कसं झालं?
२. आपल्या गटात सध्या कोणती ताई येत नाही? तिच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं?
३. आपल्या मंडळात सगळ्या वस्त्यांतल्या, सगळ्या जाती-धर्माच्या बायांना जागा आहे का? नसेल तर काय अडतं?
४. यंदा सोंगणीच्या दिवसांत गाण्यासाठी कोणता वार आणि किती वेळ ठेवायचा?

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

प्रत्येक गटाने एकच ठराव करून कार्यवृत्तात लिहावा : सलग दोनदा न आलेल्या ताईच्या घरी दोघी जणी जातील. कोण दोघी, त्यांची नावंही लिहा. जाताना वसुलीची वही नेऊ नका. चहा प्या, विचारपूस करा आणि निघताना पुढच्या भजनाचा वार सांगा. ती आली की तिची जागा आणि टाळ तयार ठेवा. ती किती दिवस आली नाही, हे त्या दिवशी कोणी मोजू नका.

– क्षेत्र समन्वयक