जुन्या पिकप मोटारीचें ‘मिसिंग’ : दोष शोधण्याची क्रमवार रीत

वसई, विरार, पालघर या बाजूचे बागायतदार फुलें व पालेभाज्या घेऊन दादरच्या बाजारांत येतात. तेथें मालाचा भाव घड्याळाच्या कांट्याबरोबर उतरतो. पहांटे पोहोंचलेला मोगरा व उन्हें वर आल्यावर पोहोंचलेला मोगरा हे एकाच भावानें विकले जात नाहींत, हें कोणाहि बागायतदारास सांगावयास नको. अशा प्रवासांत जुनी पेट्रोलची पिकप मधेंच अडखळूं लागली, झटके देऊं लागली व थोड्या वेळानें आपोआप सुधारली, तर मालक मोठ्या पेंचांत पडतो. गाडी अगदींच बंद पडली असती तर दोष सांपडला असता. परंतु कारागिरापुढें नेतांच ती सुतासारखी सरळ चालते! मग अंदाजानें आज प्लग, उद्यां कॉइल, परवां कार्बोरेटर असे भाग बदलले जातात, गिरगांवांतील ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत पैसा ओतला जातो, आणि दोष मात्र जागच्या जागीं राहतो.

या दोषास कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात. तो शोधण्याची रीत शिकण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. जमिनीच्या हद्दीचा वाद मिटवितांना आधीं मोजणी व मग निकाल हा जो क्रम आपण पाळतों, तोच येथें पाळावयाचा आहे.

हें ज्ञान मालकास कां हवें

जुन्या गाड्यांचें मुंबईशीं नातें जवळचें आहे. महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ सालीं झाली व स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत माझगांव येथें विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली व तिच्या टॅक्सींनीं हें शहर अनेक वर्षें वाहून नेलें. पॉइंट घासणें, कंडेन्सर पारखणें, कार्बोरेटर जुळविणें ही विद्या लालबाग, परळ, गिरगांव येथील कारागिरांच्या हातीं या टॅक्सींनींच टिकविली. पद्मिनी टॅक्सींची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. नवा कारागीर संगणकाच्या यंत्रावर शिकतो. त्यानें पॉइंट पाहिलेहि नसतील. म्हणून ज्याच्या दारीं जुनी गाडी आहे, त्यानें निदान दोषाची परीक्षा स्वतः करावी हें बरें.

‘मिसिंग’ म्हणजे काय

चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदां पेट घेतो. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर मिनिटास एकंदर ४००० स्फोट होतात. त्यांपैकीं कांहीं चुकले म्हणजे झटका बसतो. स्फोट होण्यास तीन गोष्टी जमाव्या लागतात : वेळेवर जोरदार ठिणगी, हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. मिसिंगचें कारण या तिहींपैकीं एकींत असतेंच. चौथें स्थान शोधूं नये.

चुकलेल्या स्फोटाचें पेट्रोल न जळतां राहतें. तें सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खालीं उतरतें व तेल पातळ करतें. कांहीं सायलेन्सरमध्यें जाऊन पेटतें. धूर शुद्ध करणारें उपकरण, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्या गाडीस आहे तेथें तें तापून निकामी होतें. शिवाय भरलेली गाडी उड्डाणपुलाच्या चढावर अडखळली तर मागील वाहनांमुळें जिवाशीं गांठ पडते. म्हणून ‘चालते आहे तोंवर चालूं द्यावी’ हा विचार घातक होय.

पहिली पायरी : नोंद

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एक लहान वही गाडींत ठेवावी. मिसिंग आलें कीं पुढील गोष्टी लिहाव्या : इंजिन गार होतें कीं तापलेलें, निघाल्यापासून किती वेळानें आलें, हवा कोरडी होती कीं पावसाची, माल भरलेला होता कीं गाडी रिकामी, चढ होता कीं सपाटी, वेग कमी होता कीं जास्त, टाकी भरलेली होती कीं तळाला गेलेली. पांच-सात नोंदी झाल्या म्हणजे दोष स्वतःच बोलूं लागतो.

पावसांत किंवा दंवांत येणारें व ऊन पडतांच जाणारें मिसिंग बहुधा ठिणगीच्या वाटेवरील ओलाव्याचें असतें. तापल्यावर येणारें व गार झाल्यावर जाणारें असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर यांचा संशय घ्यावा. इंजिन नुसतें उभ्या जागीं, ‘स्लो’वर असतां अडखळतें व वेगांत सुधारतें, तर कोठून तरी फाजील हवा शिरते किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. भरल्या गाडीनें चढावर येणारें मिसिंग अशक्त ठिणगीचें किंवा अपुऱ्या पेट्रोलचें असतें.

दुसरी पायरी : एक सिलिंडर कीं सर्व

मिसिंग चालू असतांना इंजिन स्लोवर ठेवावें व रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची वायर काढून ती लागलीच इंजिनाच्या धातूस टेकवावी. वायर नुसत्या हातानें काढूं नये, जबर धक्का बसतो. व ती मोकळीहि ठेवूं नये, कॉइलवर ताण येतो. जवळपास पेट्रोल सांडलेलें नाहीं याची आधीं खात्री करावी, आणि पंख्यापासून धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही दूर ठेवावी.

चांगल्या सिलिंडरची वायर काढतांच इंजिन आणखी लंगडतें. जिची वायर काढूनहि कांहींच फरक पडत नाहीं, तो सिलिंडर दोषी. आतां त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्यें व शेजारचा त्याच्यांत घालावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. न गेला तर वायरींचा तसाच बदल करावा, मात्र डिस्ट्रिब्यूटरकडील त्यांचा क्रम बिघडूं देऊं नये. विलीज जीपच्या घराण्यांतील हरिकेन इंजिनाचा व पद्मिनीचा हा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लग व वायर दोन्ही निर्दोष ठरल्यास त्या सिलिंडरचा दाब तपासावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम दुबळे असतील तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

उलट, दोष कोणत्याहि एका सिलिंडरचा नसून सर्वांत फिरत असेल, तर तो सर्वांस सामाईक अशा भागांत आहे : कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, बॅटरीच्या वायरी, किंवा पेट्रोलची वाट. एवढ्या एका परीक्षेनें अर्धें काम संपतें.

तिसरी पायरी : प्लगचा रंग

चारही प्लग काढून क्रमानें फडक्यावर मांडावे. टोंक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. काळा तेलकट थर म्हणजे रिंगा अथवा व्हॉल्व्हच्या गाईडांतून तेल वर येतें. पांढरें फटक टोंक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापतें. आणि पेट्रोलनें भिजलेला प्लग म्हणजे तेथें ठिणगीच पडत नाहीं. हरिकेन इंजिनांत प्लगची फट ०.०३० इंच व पॉइंटची ०.०२० इंच ठेवतात. इतर गाड्यांच्या पुस्तिकेंत दिलेलें मापच पाळावें, व तें फीलर गेजनें मोजावें, नजरेनें नव्हे.

चौथी पायरी : ठिणगीची वाट

मुंबईची हवा खारी. बॅटरीच्या टोकांवर व वायरींच्या सांध्यांवर हिरवा-पांढरा गंज चढतो, आणि खड्ड्यांत गाडी हादरली कीं संबंध क्षणभर तुटतो. म्हणून प्रथम बॅटरीचीं टोकें, इंजिनाची अर्थिंगची पट्टी व किल्लीपासून कॉइलपर्यंतची वायर घासून घट्ट करावी. इंजिन चालू ठेवून या वायरी हळूच हलवाव्या. हलवितांच ठोका चुकला तर दोष सांपडला.

मग रात्रीं अंधारांत इंजिन चालू करून डिस्ट्रिब्यूटरचें झांकण व वायरी यांवर पाण्याचा अगदीं बारीक फवारा उडवावा. निळ्या ठिणग्या सरपटतांना दिसल्या तर झांकणास चीर आहे किंवा वायरीचें आवरण फाटलें आहे. झांकणाच्या आंतील बाजूस पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी वाट दिसली तर तें बदलावेंच. पुसून भागत नाहीं.

पॉइंट जळून निळे-काळे झाले असतील व उघडतांना त्यांवर मोठी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर संशयित. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा हातानें बाजूस हलवून पाहावा. तो सैल असेल तर फट प्रत्येक फेऱ्यांत बदलते, आणि नवे पॉइंट घालूनहि मिसिंग जात नाहीं.

पांचवी पायरी : पेट्रोलची वाट

चालत्या गाडींत मिसिंग येत असतां चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतें किंवा हवा फाजील शिरते : जेट, गाळणी, पंप व कार्बोरेटरखालील गॅस्केट पाहावीं. काळा धूर येऊन गाडी अधिक बिघडली तर पेट्रोलचा पुरवठा बहुधा ठीक आहे. टाकीचें झांकण उघडतांना हवा आंत शिरल्याचा आवाज आला व नंतर गाडी नीट चालली, तर झांकणाचें बारीक छिद्र बुजलेलें आहे.

पेट्रोलमध्यें आतां २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. ऊस व धान्य यांपासून तें होतें, म्हणून शेतकऱ्यास त्याचें कौतुक वाटणें साहजिक आहे. तथापि जुन्या गाडीच्या मालकानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. इथेनॉलनें जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा लवकर खराब होतो, तेव्हां ते नव्या पेट्रोलास सोसणारे बसवावे. दुसरें, इथेनॉल पाणी ओढून घेतें व पाणी फार झालें म्हणजे त्यासह पेट्रोलपासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. म्हणून पावसाळ्यांत गाडी अर्ध्या टाकीनें आठवडेच्या आठवडे उभी ठेवूं नये.

गाडीस सीएनजी जोडलेला असेल तर इंधन पालटून पाहणें ही उत्तम परीक्षा होय. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर दोष ठिणगीचा किंवा दाबाचा. फक्त पेट्रोलवर असेल तर कार्बोरेटरचा किंवा पंपाचा. फक्त गॅसवर असेल तर लगेच गॅसच्या उपकरणास दोष देऊं नये. गॅस पेटविण्यास अधिक जोराची ठिणगी लागते, म्हणून दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग आधीं गॅसवर उघडा पडतो. गॅसच्या नळ्यांस व टाकीस मात्र स्वतः हात लावूं नये. तें अधिकृत माणसाचें काम आहे, व टाकीची दर तीन वर्षांची चांचणी चुकवूं नये.

सहावी पायरी : दाब

वरील सर्व निर्दोष ठरलें तरच दाब मोजावा. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षां एक-दशांशाहून अधिक कमी आला, तर प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या; न वाढला तर व्हॉल्व्ह जळला असावा किंवा टॅपेट फार घट्ट बसला असावा.

एक उदाहरण

समजा, एक फुलबागायतदार रात्रीं वसईहून निघतो. तासभर गाडी उत्तम चालते. माहीमजवळ झटके सुरू होतात. दादरला माल उतरवीपर्यंत अर्धा तास जातो व परततांना पुन्हां तासभर कांहीं त्रास नाहीं. पाऊस असो वा नसो, फरक पडत नाहीं. चोक ओढून किंवा टाकीचें झांकण उघडून उपयोग होत नाहीं. वायरी काढून पाहतां दोष सर्व सिलिंडरांत फिरता आढळतो. येथें ओलावा, पेट्रोल व एकट्या सिलिंडरचा दाब हीं तिन्ही कारणें बाद झालीं. उरला तो तापल्यावर बिघडणारा सामाईक भाग, म्हणजे कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर स्वस्त, म्हणून तो प्रथम बदलून तीच वाट तितकाच माल घेऊन तुडवावी; न सुधारल्यास कॉइल बदलावी. एका वेळीं एकच भाग बदलावा, नाहींतर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं. काढलेला चांगला भाग टाकूं नये. पुढील परीक्षेस तो उपयोगीं पडतो.

नव्या व डिझेलच्या गाड्या

इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाडींत संगणक चुकलेला ठोका स्वतः नोंदवितो. यंत्र लावल्यावर ‘पी ०३०१’ असा अंक आला तर पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ आला तर दुसरा, आणि ‘पी ०३००’ म्हणजे फिरता दोष समजावा. यंत्र सिलिंडर दाखवितें, कारण दाखवीत नाहीं. तेथून पुढें वरील क्रम तोच. डिझेलच्या गाडीस प्लगची ठिणगी नसते. तेथें नळींत शिरलेली हवा, गाळणी व इंजेक्टर पाहावे लागतात. इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढें मात्र कधींहि हात धरूं नये. तो कातडींत शिरतो.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, कारागिराकडे जाऊं नये असा याचा अर्थ नाहीं. वही, काढलेले प्लग व केलेल्या परीक्षांचा निकाल घेऊन जाणाऱ्या मालकास कारागीर अंदाजाचें काम सांगत नाहीं, व चांगल्या कारागिराचाहि वेळ वांचतो. पावसाळ्यापूर्वीं एक रविवार या कामीं घातला, तर हंगामांतील बाजाराची एकहि पहांट फुकट जाणार नाहीं.