जुनी गोळी, नवी गोळी आणि मधले छत्तीस तास



आज स्वतःच्या घरातली चूक सांगते. माझ्या यजमानांचं हृदय अशक्त आहे. शरीराला हवं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. त्यासाठी ते अनेक वर्षं सकाळ-संध्याकाळ एनालाप्रिल घेत होते. अलीकडे जिना चढताना दम लागू लागला, म्हणून एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी ती बंद करून नवी गोळी लिहून दिली. तिचं नाव एन्ट्रेस्टो. तिच्यात सॅक्युबिट्रिल आणि वाल्सार्टान अशी दोन औषधं एकत्र असतात. डॉक्टरांनी बजावलं, "शेवटच्या एनालाप्रिलनंतर छत्तीस तास जाऊ द्या, मगच ही सुरू करा."

शेवटची गोळी मंगळवारी सकाळी आठची. म्हणजे नवी बुधवारी रात्री आठला. घरी येताच मी एनालाप्रिलचं खोकं कपाटातून काढून टाकलं. पण शब्बाथ सुटल्यावर मी आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवते, हे मात्र विसरले. बुधवारी सकाळी डबी उघडली, तर त्या दिवसाच्या कप्प्यात एनालाप्रिल! मंगळवार रात्रीचा कप्पा पाहिला, तर रिकामा. बाकीच्या गोळ्यांबरोबर तीही पोटात गेली होती. जन्मभर रोग्यांना गोळ्या मोजून दिल्या आणि घरच्याच माणसाच्या बाबतीत चुकले. लगेच कुपत होलीमच्या नर्सला फोन केला. तिने सांगितलं, "आता मंगळवार रात्री आठपासून मोजा." म्हणजे नवी गोळी गुरुवारी सकाळी आठला.

एवढं घड्याळ कशाला? आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्याचा निचराही होत असतो. मोरीतून पाणी जायला दोन वाटा असाव्यात, तसं समजा. एनालाप्रिल एक वाट अडवते, सॅक्युबिट्रिल दुसरी. दोन्ही एकदम अडल्या की तो पदार्थ साचतो आणि ओठ, जीभ, घसा सुजू शकतो. घसा सुजला तर श्वासच अडतो. जुन्या गोळीचा असर उतरावा म्हणून हे छत्तीस तास. नवीवरून परत जुनीकडे जायचं झालं तरी तेवढंच थांबावं लागतं.

ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं (एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल), त्या सगळ्यांना हा नियम लागू आहे. लोसार्टान किंवा वाल्सार्टान घेणाऱ्यांना छत्तीस तास थांबावं लागत नाही, पण नवी सुरू झाल्यावर ती जुनी बंदच करायची, कारण नवीत वाल्सार्टान आधीच आहे. पूर्वी कधी ओठ-जीभ सुजली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

बदलानंतर काय जाणवू शकतं?

१. चक्कर. रक्तदाब उतरतो. पलंगावरून एकदम उठू नका. आधी पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. रोज रक्तदाब मोजून वहीत लिहा.

२. रक्तात पोटॅशियम वाढणं, मूत्रपिंडावर ताण येणं. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. ती तपासणी चुकवू नका. विचारल्याशिवाय कमी सोडियमचं मीठ वापरू नका, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असतं. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेनही मनाने घेऊ नका.

३. खोकला. "प्रिल"च्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी बंद केली तरी तो जायला काही आठवडे लागतात. त्याचं खापर नव्या गोळीवर फोडू नका.

जुलाब, उलट्या झाल्या किंवा कडक उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, तर डॉक्टरांना कळवा. किप्पूरच्या उपासाआधीही विचारा. पण चक्कर आली म्हणून गोळी मनाने सोडू नका. फोन करा, डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. ओठ, जीभ, चेहरा सुजला किंवा श्वास अडू लागला, तर मात्र वाट पाहू नका. गोळी थांबवा आणि ताबडतोब १०१ फिरवा.

आता एक काम आजच करा. औषध बदललं असेल, तर जुनं खोकं कपाटातून काढा, डबीतून काढा, पर्समधून आणि उशाखालूनही काढा. खोक्यावरचं हिब्रू वाचता येत नसेल, तर फार्मसीत विचारून त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: कशाची गोळी, किती वाजता, कुठल्या तारखेपासून.

आमचे यजमान आता बरे आहेत, जिना सावकाश चढतात. आणि मी डबी भरली की ते एकेक गोळी मोजून घेतात. नर्सवर त्यांचा आता तेवढा विश्वास राहिलेला नाही, आणि ते बरंच आहे!

तब्येतीला जपा.