दिव्यांच्या उजेडातील गायन
(प्रौढांच्या वर्गासाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४ व २०:७-१२, आमोस ५:२१-२४, १ करिंथ १४:१३-१९, याकोब २:१-४.

अलीकडे मोठ्या शहरांतून एक नवी रीत पडली आहे. जुन्या दगडी प्रार्थनामंदिरात सायंकाळी विजेचे दिवे मालवितात, शेकडो मेणबत्त्या लावितात, आणि चार-पाच वादक मध्यभागी बसून शंभर-दोनशे श्रोत्यांपुढे शास्त्रीय संगीत वाजवितात. बोलणे नाही, भाषण नाही. तास-सव्वा तासात कार्यक्रम आटोपतो. लंडन शहरातील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या मंदिरात असे जलसे पुष्कळ वर्षांपासून होत आले आहेत. २०१९ साली स्पेन देशातील माद्रिद शहरी एका मंडळाने ह्या कल्पनेचा व्यापार सुरू केला, आणि थोड्याच वर्षांत ती अनेक देशांत व हिंदुस्थानच्या शहरांतही येऊन पोहोचली. तेथील मेणबत्त्या बहुधा खऱ्या नसतात. बॅटरीवर लुकलुकणाऱ्या असतात. हे ऐकून काही वाचक हसतील. पण जुन्या इमारतींतील लाकूडकाम व दाटीने बसलेली माणसे ह्यांचा विचार करिता ती खबरदारी योग्यच म्हटली पाहिजे.

हा विषय आम्ही पाठासाठी का घेतला, ते सांगतो. ब्राह्मणपुरीकडील एक तरुण शहरात शिकावयास आहे. त्याने असा एक जलसा ऐकिला, आणि सुटीत घरी आल्यावर आपल्याकडेही नाताळाच्या आठवड्यात अशी एक रात्र करावी असे सुचविले. ह्यावरून वडील मंडळींत दोन तट पडले. काही म्हणाले, देवाच्या घराचे नाटकगृह होईल. काही म्हणाले, ह्यात नवे ते काय? आमचे आजे कंदिलाच्या उजेडात रात्र-रात्र भजन करीत. बोलणे वाढले, आणि दोन घरांनी एकमेकांकडे जाणे-येणे सोडले आहे. तेव्हा घाईने निकाल न देता आधी वस्तू काय आहे ती नीट पाहावी, आणि मग शास्त्राकडे वळावे.

प्रथम मेणबत्ती घेऊ. योहान सेबास्टियन बाख (१६८५-१७५०) हा जर्मनीतील थोर संगीतकार १७२३ पासून मरेपर्यंत लाइप्झिग शहरातील मंदिरांच्या गायनाचा मुख्य होता. तेथील रविवारची मुख्य उपासना सकाळी सात वाजता सुरू होई. हिवाळ्यात त्या देशी सूर्य आठाच्या सुमारास उगवतो. म्हणजे आज जे संगीत मेणबत्त्या लावून मुद्दाम ऐकवितात, ते प्रथम मेणबत्त्यांच्याच उजेडात गाइले गेले. शोभेसाठी नव्हे, दुसरा दिवा नव्हता म्हणून. आणि गाणारे तरी किती? १७३० साली बाखने नगराच्या अधिकाऱ्यांस एक अर्ज लिहिला. त्यात त्याने मागितले ते इतकेच, की प्रत्येक गायकवर्गात निदान बारा, आणि जमल्यास सोळा जण असावेत. आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी ह्या आकड्याकडे लक्ष द्यावे. जगात ज्याचे नाव झाले ते गायन आपल्या भजनी मंडळाएवढ्याच माणसांनी उभे केले होते.

उजेडाचा एक नियमही येथे सांगण्यासारखा आहे. दिव्यापासून दुप्पट दूर गेल्यास उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट दूर गेल्यास नववा हिस्सा उरतो. म्हणून मेणबत्तीचा उजेड जवळच्या वस्तूवर ठळक पडतो आणि मागची भिंत काळोखात राहते. शेजाऱ्याचे लुगडे नवे की जुने, कोण उशिरा आला, कोणाचे मूल रडते, हे दिसेनासे होते. डोळ्यांस काम उरले नाही म्हणजे कान आपले काम करू लागतात. ह्यात गूढ काही नाही. आमच्या आया पहाटे जात्यावर अंधारातच ओव्या म्हणत, आणि त्या ओव्या अंथरुणात पडल्या-पडल्या मुलांस पाठ होत.

आता दगडाविषयी. खोल, बांधीव विहिरीत तोंड घालून हाक मारली असता आवाज घुमतो हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. कठीण दगडावर आदळून परत येतो, पुन्हा दुसऱ्या भिंतीवर जातो, आणि असे होता-होता विरतो. उंच दगडी मंदिरात तो विरावयास तीन-चार सेकंद, कोठे त्याहूनही अधिक लागतात. मग पहिला स्वर संपावयाच्या आत दुसरा त्यावर येऊन बसतो. सावकाश आलाप, लांब ओढलेला गजाचा स्वर, चार आवाजांचे संथ गायन, ह्यांस तेथे मोठी गोडी येते. परंतु द्रुत लयीतला तबला किंवा घाईचे प्रवचन तेथे नुसता गोंगाट होऊन बसते. आपल्या कौलारू किंवा पत्र्याच्या मंदिरात उलट प्रकार असतो. माणसे, कपडे, सतरंज्या हे सर्व आवाज शोषून घेतात, स्वर लौकर मरतो, पण शब्द स्पष्ट कळतो. वर्गनायकाने हा प्रयोग अवश्य करून दाखवावा : रिकाम्या मंदिरात एकदा टाळी वाजवावी, आणि रविवारी माणसांनी भरलेल्या मंदिरात पुन्हा वाजवावी. जो भेद ऐकू येईल तो दहा पुस्तके वाचून कळणार नाही. ह्यावरून इतके तरी दिसते की शहरातील दगडी मंदिराची नक्कल आपण करू गेलो तर ती साधणार नाही. पण शब्द ऐकविण्याचे जे सुख आपल्या साध्या छपराखाली आहे, ते त्यांच्या घुमटाखाली नाही.

आपल्या जवळचे उत्तम उदाहरण गोव्याचे आहे. जुन्या गोव्यात टेकडीच्या माथ्यावर ‘मोन्ते’ची मरियेच्या नावाची लहानशी कपेल आहे. तिचा आरंभ आफोंसो द आल्बुकेर्क ह्याच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकाच्या प्रारंभी झाला. खाली मांडवी नदी व पलीकडे दिवाडी बेट दिसते. पुढे जुन्या गोव्यात रोगराई पसरली, वस्ती उठली, आणि कपेलही मोडकळीस आली. २००१ च्या सुमारास फुंदासांव ओरिएन्ते ह्या पोर्तुगीज संस्थेने तिचा जीर्णोद्धार केला. त्यानंतर तेथे संगीतोत्सव भरू लागला. विशेष हे, की त्यात पाश्चात्य वाद्यवृंदांबरोबर हिंदुस्थानी रागसंगीतही होते. ती मंडळी रोमन पंथाची, आपली रीत निराळी. तरी जेथे प्रथम केवळ लॅटिन भजने झाली त्या भिंतींनी सतार व बासरीही ऐकावी, ही गोष्ट आम्हांस चांगली वाटते.

आता शास्त्राकडे वळू. त्रोवस येथील माडीवर मंडळी जमली होती तेथे पुष्कळ दिवे होते असे लूक मुद्दाम लिहितो. तरीही खिडकीत बसलेला युतुख झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला! दिव्यांची शोभा माणसास जागे ठेवीत नाही, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगावे? उलट फिलिप्पै येथील तुरुंग पाहा. तेथे एकही दिवा नव्हता. पौल व सीला ह्यांचे पाय खोड्यांत, पाठी फटक्यांनी फुटलेल्या, आणि मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते. शास्त्रलेखक एक लहानसे वाक्य घालतो ते विसरू नये : इतर बंदिवान ऐकत होते. ते उपासनेस आले नव्हते, त्यांस कोणी बोलाविलेही नव्हते. ते केवळ श्रोते होते. तरी त्यांचे ऐकणे लिहून ठेवण्याजोगे ठरले. म्हणून जे म्हणतात की मंदिरात नुसते ऐकावयास बसणे म्हणजे तमाशा, त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. दिवा त्या रात्री शेवटी आला, तो तुरुंगाच्या नायकाने मागविला म्हणून.

परंतु दुसऱ्या तटाचे म्हणणेही फोल नाही. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव सांगतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, तुमची तंतुवाद्ये मी ऐकणार नाही. न्याय मात्र पाण्यासारखा वाहू द्या. ती गाणी बेसूर होती असे आमोस म्हणत नाही. बहुधा ती फार सुरेल असावीत. त्याचा राग दारात बसलेल्या गरिबाला लुबाडून आत वीणा छेडणाऱ्यांवर आहे. शहरांतील पुष्कळ जलशांत पुढच्या ओळीचे तिकीट महाग, मागच्या खांबाआडचे स्वस्त असते. याकोबाने नेमका हाच प्रकार आपल्या पत्रात धरला आहे : सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या वस्त्राच्या माणसास पायांपाशी बस म्हणावयाचे. मैफलीच्या दिवाणखान्यात ते चालत असेल. प्रार्थनामंदिरात चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाच वाद हेंडेलच्या ‘मसीहा’ विषयीही झाला होता. ते गायन प्रथम १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडातील डब्लिन शहरी झाले. जागा मंदिर नव्हती, संगीताचा दिवाणखाना होता. गर्दी इतकी होणार असे दिसले, की स्त्रियांनी घेरदार झग्यांचे सांगाडे व पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे अशी विनंती छापण्यात आली. त्यामुळे सुमारे सातशे माणसे मावली. जे पैसे जमले त्यांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ कैदी सुटले, आणि दोन रुग्णालयांस मदत मिळाली. पुढल्या वर्षी लंडनात ते नाटकगृहात झाले तेव्हा पवित्र वचने अशा जागी गावी काय, म्हणून लोक कुरकुरले. पुढे १७५० साली लंडनच्या अनाथ बालकांच्या आश्रमाच्या मंदिरात हेंडेलने तेच गायन आश्रमाच्या मदतीसाठी केले, आणि तेथे ते वर्षानुवर्षे होत राहिले. आरंभी ज्या सेंट मार्टिन मंदिराचे नाव घेतले, त्याचे दार पहिल्या महायुद्धात डिक शेपर्ड नावाच्या पाळकाने रणभूमीवर जाणाऱ्या-येणाऱ्या शिपायांसाठी रात्रंदिवस उघडे ठेविले होते. निराश्रितांची सेवा तेथे अजूनही चालते, आणि जलशांच्या उत्पन्नाचा त्या मंदिराच्या खर्चास हातभार लागतो. तेव्हा तिकिटाचा पैसा मूळचाच अपवित्र आहे असे नाही. तो कोठे जातो आणि तो नसलेल्यास दारातून परत फिरवितात की काय, हे पाहावयाचे.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट पौलाने करिंथकरांस सांगितली आहे : आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे, नाहीतर जवळ बसलेला परका ‘आमेन’ कसे म्हणेल? बाखची गीते आपणांस परकी वाटतात, पण लाइप्झिगच्या चांभारास व मोलकरणीस ती परकी नव्हती. शब्द त्यांच्या रोजच्या जर्मन भाषेतले, आणि मधल्या चाली त्यांनी लहानपणापासून मंदिरात गाइलेल्या. आपल्याकडे ह्याच कामी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) झटले. त्यांच्या आधी आमची मंडळी बहुतेक भाषांतरित गीते विलायती चालींवर कशीबशी ओढीत असे. टिळकांनी अभंग व भजन ह्यांच्या वाटेने ख्रिस्ती गायन घरी आणिले, आणि नगरकडच्या खेड्यांतील निरक्षर बाईलाही ते पाठ होऊ लागले.

मात्र आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही. टिळकांची मराठी आम्हां शाळेत गेलेल्यांस गोड. पण शहादे-तळोद्याकडील सभेत बसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांची घरची बोली अहिराणी, भिलोरी किंवा पावरी आहे. त्या माना डोलावतात, पण अर्धे शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात. जर एखादी रात्र केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावयाची असेल, तर त्या रात्री त्यांनी गावे आणि शिकलेल्यांनी मुकाट्याने ऐकावे. बासरी आणि मांदळ ह्या वाद्यांस प्रार्थनामंदिरात आणू नये, ती नाचाची वाद्ये आहेत, असे अजून काही वडील म्हणतात. दावीदाची वीणा तरी केवळ मंदिरासाठी घडविली होती काय? शौलाचा जीव शांत करण्यासाठीही तीच वाजे.

म्हणून ज्या मंडळीस अशी रात्र करावयाची आहे तिला आमची सूचना अशी. तिकीट ठेवू नये. दाराशी पेटी ठेवावी, आणि तीतील पैसा कोणाच्या औषधासाठी किंवा कोणाच्या कर्जासाठी जाणार ते आधी सांगावे. हार्मोनियम एका कडेस असू द्यावे, पण त्याने गाणाऱ्यास झाकू नये. पंधरा मेणबत्त्या पुरेत. त्या परातीत वाळू घालून तीत रोवाव्या, कुडाच्या भिंतीपासून व लहान मुलांपासून हातभर लांब ठेवाव्या, आणि एक घागर पाणी जवळ असावे. गीतांच्या मध्ये टाळ्या वाजवाव्या की नाही ह्यावर भांडू नये; एक गीत संपल्यावर दुसरे सुरू होईपर्यंत थोडा वेळ जाऊ द्यावा, म्हणजे तो प्रश्न आपोआप मिटतो. आणि ज्या दोन घरांचे जाणे-येणे बंद झाले आहे, त्या दोन्ही घरांतील एकेक म्हातारीस त्या रात्रीचे पहिले गीत एकत्र म्हणावयास सांगावे. त्या दोघींस एकच चाल येते, हे आम्हांस ठाऊक आहे.